सोफा घेताय? आधी तो उलटा करून पाहा

सोयाबीनचे पैसे हातात आले, मुलाला कुठे नोकरी लागली किंवा घरकुलाचा शेवटचा हप्ता सुटून घरात फरशी बसली, की माहूर-किनवट भागातल्या आपल्या घरांत एक विषय हमखास निघतो. "आता एक सोफा घेऊ." आई म्हणते, पाहुणे येतात तर त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर किती दिवस बसवायचे? मुलगी म्हणते, माझ्या मैत्रिणींकडे आहे. बाबा खिशाचा विचार करीत गप्प बसतात. मग कोणीतरी मोबाइलवर एक चकचकीत चित्र दाखवतो आणि आठ दिवसांत टेम्पो दारात उभा राहतो. पुढच्या पावसाळ्यात त्या सोफ्याच्या मधोमध खड्डा पडलेला असतो, हप्ते मात्र चालूच असतात.

काही वाचकांना हा विषय चैनीचा वाटेल. आम्हाला तसा वाटत नाही. बसायच्या जागेचा आपल्या समाजाचा अनुभव वेगळा आहे. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना इतर मुलांपासून दूर, घरून नेलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर बसावे लागे. शाळेची साफसफाई करणारा नोकरही त्या गोणपाटाला हात लावीत नसे, म्हणून ते संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. स्वतःच्या दारात, स्वतःच्या बाजेवर बसलेले असतानाही वरच्या जातीचा माणूस आला की उठून उभे राहायचे, ही रीत आपल्या कितीतरी आजी-आजोबांनी पाहिली आहे. तेव्हा ज्या घरात आलेल्या प्रत्येकाला "या, बसा" म्हणून चांगल्या जागेवर बसवले जाते, त्या घराला सोफा हवासा वाटला तर त्यात नवल काय? फक्त तो सोफा टिकाऊ असावा आणि त्यापायी घर सावकाराच्या किंवा फायनान्सवाल्याच्या दारात उभे राहू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

दुकानात जाण्याआधी घर मोजा. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, तसे खोली पाहून सोफा. सरकारी घरकुल साधारण २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फुटांचे असते, आणि त्यातच स्वयंपाकाची जागा आली. बाहेरची खोली १० बाय १२ ची धरली तरी ती १२० चौरस फूट. तीन माणसांचा सोफा साडेसहा फूट लांब आणि पावणेतीन फूट खोल असतो. त्याच्या जोडीला दोन सुट्या खुर्च्या घेतल्या की ३३ चौरस फूट जागा नुसत्या लाकूड-गादीनेच खाल्ली. पुढे पाय ठेवायला आणि ये-जा करायला दीड फूट सोडा. मग टीव्ही, कपाट आणि मुलांचा अभ्यास कुठे? जमिनीवर खडूने आकार आखून पाहा आणि दोन दिवस त्या रेघांच्या बाहेरून चाला. हा उपाय फुकटचा आहे, पण तो केल्यावर तीन-एक-एकचा सेट घ्यायचा हट्ट बऱ्याच घरांत आपोआप सुटेल. दाराची रुंदीही मोजा. दार अडीच फुटांचे आणि सोफा पावणेतीन फुटांचा, म्हणून चौकट काढायची वेळ आलेली घरे आहेत.

आपल्या घरांचा आणखी एक प्रश्न आहे, तो दुकानदाराला माहीत नसतो. पौर्णिमेला वंदनेसाठी, वर्षावासात ग्रंथवाचनासाठी किंवा बाळाच्या नामकरणाला घरात पंधरा-वीस माणसे जमतात आणि ती सतरंजीवर, जमिनीवरच बसतात. अशा वेळी भिंतीला घट्ट धरून बसलेला, चौघांनाही न हलणारा अगडबंब सोफा म्हणजे अडचण. जो सोफा दोघी बायका सहज उचलून ओसरीत नेऊ शकतात, तोच आमच्या मते आपल्या घराचा सोफा.

आता लाकडाकडे येऊ, कारण या बाबतीत माहूरकर भाग्यवान आहेत. नांदेड जिल्ह्यातले बहुतेक जंगल किनवट-माहूर भागातच आहे आणि त्यात साग आहे. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे वाळवी त्याला सहसा लागत नाही आणि पावसाळी हवेत तो फारसा फुगत-आकसत नाही. पण सगळा साग सारखा नसतो. खोडाचा आतला भाग सोनेरी-तपकिरी, तो टिकतो. सालीजवळचा पांढरट भाग मात्र कोणत्याही साध्या लाकडासारखा किडतो. लहान वयाच्या झाडात हा पांढरा भागच जास्त असतो. त्यावर गडद पॉलिश मारले की वरून काही कळत नाही. म्हणून सोफा करायला दिला असेल तर पॉलिश मारण्याआधी एकदा जाऊन कोरा सांगाडा पाहून या. सुतारदादा प्रामाणिक असेल तर त्याला राग येणार नाही. उलट गिऱ्हाईक जाणते आहे म्हणून तोही हात राखून काम करणार नाही.

स्वस्तातला साग रात्रीतून घरपोच मिळतो असे कोणी सांगितले तर दोन पावले मागे या. सागाच्या वाहतुकीला वनखात्याचा परवाना लागतो. खात्याच्या आगारातून लिलावात गेलेल्या मालावर हातोड्याचा शिक्का असतो आणि चोरीचा माल भारतीय वन कायदा १९२७ खाली जप्त होऊ शकतो. धंदा करणारा पळून जातो, अडकतो तो गरीब. सुताराकडून बिल घ्या, त्यावर लाकडाची जात लिहून घ्या. आणि सागाचाच हट्ट कशाला? आपल्या शेतकरी आजोबांना कुठले लाकूड कुठे वापरायचे ते ठाऊक होते. बैलगाडीच्या आसाला धावडा आणि चाकाला बाभूळ. चांगली वाळलेली बाभूळ सोफ्याच्या सांगाड्याला उत्तम. जड असते एवढेच. आंब्याचे लाकूड किंवा पॅकिंगच्या खोक्यांचे पांढरे लाकूड मात्र सांगाड्याला नको. काही महिन्यांत सोफ्याखाली पिठासारखी बारीक भुकटी दिसू लागली की आत किडा बसला असे समजावे.

वाळलेपणाचे महत्त्व फार आहे. ओल्या लाकडाचा सोफा पावसाळ्यात करून घेतला की तो एप्रिल-मेच्या उन्हात आकसतो. सांधे उघडे पडतात, बसले की करकर वाजते. सांधा कसा आहे तेही बघा. एका लाकडाला भोक पाडून त्यात दुसऱ्याचे टोक घट्ट बसवले असेल आणि वर सरस-स्क्रू असतील तर ते पिढीभर चालते. दोन फळ्या समोरासमोर ठेवून नुसते खिळे ठोकले असतील तर मुलांनी दोन उड्या मारल्या की संपले.

दुकानातल्या तयार सोफ्याचे लाकूड कापडाखाली झाकलेले असते. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, ही म्हण फर्निचरच्या बाजारात जन्मली असावी अशी आम्हाला शंका आहे. उपाय एकच, सोफा उलटा करा. खाली काळे पातळ कापड टाचलेले असते. त्याची एक कड उचलून आत पाहू द्या, असे दुकानदाराला सरळ सांगा. आत प्लायवूड असेल तर त्यावर आयएसआयचा शिक्का आणि आयएस ३०३ हा क्रमांक शोधा. त्यातही एमआर म्हणजे नुसती दमट हवा सोसणारे आणि बीडब्ल्यूआर म्हणजे पाण्याला जास्त टिकणारे. फरशी पुसताना खाली पाणी जाते, भिंतीला ओल असते, म्हणून आपल्याला दुसरे बरे. भुशाचा दाबलेला बोर्ड दिसला तर सोफा तसाच सरळ करून ठेवा आणि नमस्कार करून बाहेर पडा. पाणी लागले की तो बिस्किटासारखा फुगतो आणि एकदा निघालेला स्क्रू त्यात परत धरत नाही. आत स्प्रिंगा असतील तर एका माणसाच्या जागेला निदान चार-पाच नागमोडी स्प्रिंगा हव्यात. पट्टे असतील तर ते आडवे-उभे विणलेले हवेत, नुसते एका दिशेने ताणलेले नकोत. शेवटी सोफा सरळ करून पुढचा एक कोपरा अर्धा फूट उचला. दुसरा पुढचा पाय लगेच वर आला तर सांगाडा ताठ आहे. तो जमिनीलाच चिकटून राहिला आणि सोफा पिळवटला, तर आत दम नाही.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती फोममध्ये. "ताई, चाळीस डेन्सिटी आहे" हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकू येते. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोतले वजन, दुसरे काही नाही. म्हणजे ती तपासायला प्रयोगशाळा नको, किराणा दुकानातला काटा पुरे. दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार इंच जाड असा गादीचा फोम घ्या. तो ४० डेन्सिटीचा असेल तर त्याचे वजन सुमारे दीड किलो भरले पाहिजे. ३२ चा असेल तर सुमारे एक किलो दोनशे ग्रॅम. आणि काटा साडेआठशे-नऊशे ग्रॅमवर थांबला तर तो २३ च्या आसपासचा, पाठीच्या उशीला ठीक, बसायला नाही. रोज घरातली पाच-सहा माणसे बसणार असतील तर बसायच्या गादीला ३२ च्या खाली जाऊ नये, ४० मिळाला तर उत्तम. गादीला चेन असेल तर फोम बाहेर काढून वजन करा. चेन नसेल तर ती लावूनच घ्या, पुढे धुवायलाही लागतेच.

दोन गोष्टी लक्षात असू द्या. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. जड फोमही मऊ असू शकतो, म्हणून वजनाबरोबर बसूनही पाहायचे. आणि वजन वाढवायला चुनखडीची पूड मिसळलेला फोमही बाजारात येतो. तुकडा बोटांत चोळला की पांढरी भुकटी निघते आणि मुठीत दाबून सोडला की वळ्या तशाच राहतात. फोमचे बारीक तुकडे दाबून केलेला रंगीबेरंगी फोम वेगळा. तो मुळातच जड आणि कडक असतो, खालच्या थराला चालतो, पण त्याला वरचा हिशेब लावू नका.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारल्याशिवाय उंची ठरवू नका. बसायची जागा जमिनीपासून १७-१८ इंच उंच आणि २०-२१ इंच खोल असली, बाजूला धरायला भक्कम हात असले, तर गुडघे दुखणारी आजी कोणाचा आधार न घेता उठू शकते. जाहिरातीतल्या खोल, मऊ, जमिनीलगतच्या सोफ्यात ती एकदा बसली की तिला दोघांनी ओढून काढावे लागते. मग ती परत त्यावर बसत नाही, कोपऱ्यात जमिनीवरच बसते. येथे एक गोष्ट बोलून टाकतो. बऱ्याच घरांत सोफ्यावर बाबा आणि मुलगे टीव्ही बघत बसतात आणि आई, सून, मुलगी फरशीवर भाजी निवडत बसतात. सोफ्याचे हप्ते मात्र तिच्याही निंदणी-खुरपणीच्या मजुरीतून जातात. आमच्या भगिनींनी सोफ्यावर बसून भाजी निवडायला काय हरकत आहे?

कापडाबद्दल थोडक्यात. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. रेक्झीन घामाने अंगाला चिकटते आणि हलक्या प्रतीचे असेल तर दोन-तीन वर्षांत त्याचे पापुद्रे सुटतात. मखमल दिसते छान, पण गरम होते आणि धूळ धरते. जाड सुती कापड किंवा सुती-पॉलिएस्टर मिश्र कापड, गडद रंगाचे, काढून धुता येणारे, हेच आपल्याला सोयीचे. सोफ्याचे पाय पाच-सहा इंच उंच असू द्या म्हणजे खाली झाडू जातो, उंदीर घर करीत नाही. भिंतीपासून तीन-चार इंच सोडूनच ठेवा. जुना सोफा विकत घेणार असाल तर शिवणीत बॅटरी मारून पाहा. काळे ठिपके दिसले तर ते ढेकणाचे. स्वस्तात सोफा आणि फुकटात ढेकूण असा व्यवहार होतो.

आणि एक धोका. आपल्या घरी समोरच्या भिंतीवर भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा असतात, खाली फळी, फळीवर मेणबत्ती आणि अगरबत्ती. शोभेसाठी सोफा नेमका त्याच भिंतीला लागतो. फोम पेटला तर फार वेगाने पेटतो आणि त्याचा काळा धूर विषारी असतो. पेटती मेणबत्ती गादीवर पडायला वाऱ्याची एक झुळूक पुरते. म्हणून प्रतिमांखाली सोफा नको, तो शेजारच्या भिंतीला लावा. मोबाइल गादीवर ठेवून चार्ज करण्याची सवयही मुलांना लागू देऊ नका.

आता पैशांचे. समजा सोफा वीस हजारांचा आहे आणि दुकानातला फायनान्सवाला म्हणतो, "फक्त १२ टक्के, दोन वर्षांत फेडा." तो हिशेब असा करतो: वर्षाला २,४०० प्रमाणे दोन वर्षांचे व्याज ४,८००. एकूण २४,८०० भागिले २४, म्हणजे महिना १,०३३ रुपये. ऐकायला बरे वाटते. पण दर महिन्याला तुम्ही मुद्दल फेडत असता आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण वीस हजारांवर आकारलेले असते. घटत्या मुदलावर पाहिले तर हाच दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या वर जातो. "शून्य टक्के" असेल तर फाइलचा खर्च किती आणि रोखीने घेतल्यास किती सूट, हे दोन प्रश्न विचारा. सुटीतला फरक हेच त्याचे व्याज. अशा योजनांत खरे व्याज दडवले जाते, हे रिझर्व्ह बँकेनेच २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जाला सर्व खर्च धरून वार्षिक दर सांगणारे एक पत्रक देणे बंधनकारक झाले आहे. ते मागा, घरातल्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या, आणि मगच अंगठा किंवा सही. बचत गटातून कमी व्याजाने उचल मिळत असेल तर ती केव्हाही चांगली. पण मुलाच्या शिक्षणाची किंवा दवाखान्याची गरज पुढे दिसत असेल तर त्या वर्षी सोफा नको. वर्षभर महिना हजार बाजूला टाकले तर १२,००० रुपये जमतात आणि सुताराच्या हातचा साधा लाकडी सोफा रोखीने करायला त्याचा मोठा आधार होतो.

खरेदी माहूरला करा, किनवटला करा, पैनगंगा ओलांडून पुसदला जा की आदिलाबादला, पक्के बिल सोडू नका. बिलावर लाकूड किंवा प्लायचा प्रकार, फोमची डेन्सिटी आणि हमीचा काळ लिहून घ्या. बिल न देणे आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणे, या दोन्ही गोष्टी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा ठरतात. दुकान दुसऱ्या जिल्ह्यात किंवा तेलंगणात असले तरी तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे आपल्याला नांदेडला, तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करून पाहा. पुष्कळ दुकानदार तेवढ्यानेच नरम येतात.

लग्नाच्या सोफ्याबद्दल मात्र आम्हाला कडक बोलायचे आहे. "आम्हाला काही नको, फक्त मुलीच्या सोयीसाठी सोफा, कपाट आणि पलंग द्या," असे म्हणणारी माणसे आपल्यातही आहेत. ही मागणीच आहे, आणि हुंडाबंदीचा कायदा १९६१ पासून आहे. ऊसतोडीची उचल घेऊन बापाने दिलेल्या त्या सोफ्यावर सासरची मंडळी कशी निवांत बसू शकतात, हे आम्हाला कळत नाही.

सुताराकडून करून घेणाऱ्यांसाठी शेवटचे. सांगाडा उघडा लाकडी आणि गाद्या सुट्या, असाच नमुना सांगा. पाच-सहा वर्षांनी फोम बसतो, तेव्हा सोफा टाकून द्यावा लागत नाही. फक्त नवा फोम, तोही वजन करून, जुन्याच खोळीत घालायचा. गाद्यांची मापे आजच वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. जुना फोम लगेच भंगारात देऊ नका. त्याचे एक फुटाचे चौकोन कापून वर जुन्या लुगड्याची खोळ शिवली की सतरंजीवर बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आसने होतात.